मणक्याच्या मॅडम

बानूबाईंच्या दारात सकाळी आठच्या आत माणसं येऊन बसायची. कुणाच्या पाठीत उसण भरलेली, कुणाची मान आखडलेली, कुणाला कंबर धरून रिक्षातून उतरवलेलं. बानूबाई पायाळू होत्या. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात त्याचा पाय पाठीला लागला की उसण निघते असं लोक मानतात, आणि पहिल्यांदा येणारी माणसं तेवढ्यासाठीच यायची. दुसऱ्यांदा यायची ती त्यांच्या हातासाठी.

तो हात त्यांना सासऱ्यांनी दिला होता. सास्तूर या खेड्यात असताना सासरे बिरदेव मेंढरांची हाडं बसवायचे तशी माणसांचीही बसवायचे. म्हातारपणी त्यांची बोटं थरथरायला लागली तेव्हा ते सुनेला पुढं बसवून, तिच्या बोटांवर आपलं बोट ठेवून सांगायचे, "इथं दाब. इथं नगं." ते गेल्यावर गावानं सुनेलाच मानलं. पुढं मुलगा शिवराज धाराशिवला सरकारी कचेरीत कारकून झाला, बिऱ्हाड शहरात आलं, आणि वर्षभरात धान्याच्या मोंढ्यातले हमालसुद्धा बानूआक्कांचा पत्ता एकमेकांना सांगायला लागले.

आता त्यांना अठ्ठावन्नावं चालू होतं. हा हात सुनेला द्यायचा, एवढी एकच गोष्ट मनात राहिली होती. मोनिका त्यांच्या सख्ख्या भावाची मुलगी. तिला सून करून आणताना त्यांनी तिची लांब, बळकट बोटं बघून ठेवली होती. पण सहा वर्षांत मोनिका एकदाही पुढं बसली नाही. "आत्या, ते कट्टकन वाजलेलं मला ऐकवत न्हाय," म्हणायची आणि चहा ठेवायला आत निघून जायची.

आणि अशा मोनिकानं नोकरी धरली ती नेमकी मणक्याच्या दवाखान्यात.

कोर्टाच्या मागच्या गल्लीत तो दवाखाना नवीन निघाला होता. पाटीवर डॉ. शिवरंजनी असं नाव आणि खाली 'कायरोप्रॅक्टिक' असा एक लांबलचक शब्द. बाई उमरग्याकडच्या, पस्तिशीच्या. आधी फिजिओथेरपी शिकलेल्या, मग परदेशात राहून हे शिकून आलेल्या. त्यांना फोन घ्यायला, नंबर लावायला, कागद भरून घ्यायला एक बाई हवी होती. मोनिकाचं बी.ए. झालेलं होतं, कंप्युटर येत होता, मुलगा शाळेत जायला लागला होता. ती विचारायला गेली आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर हजर झाली.

पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी बानूबाई भाकरी थापत होत्या. शिवराज जेवायला बसला होता.

"ते कायरो म्हंजे नेमकं काय गं?" त्यानं विचारलं.

"औषध न देता हातानं मणक्यावर, सांध्यांवर उपचार करायचे," मोनिका म्हणाली.

"मग म्या काय पायानं करते व्हय?" बानूबाई बोलल्या.

"पायानं पण करतीस की, आई," शिवराज म्हणाला आणि हसला. मोनिकाही हसली. बानूबाईंनी भाकरी तव्यावर टाकली ती जरा जोरातच.

मोनिकाला थांबवत नव्हतं. नवीन पेशंट आला की त्याला पहिल्या दिवशी पाऊण तास, कधी तासभरही लागतो. आधी कागद भरायचा. कुठं दुखतं, कधीपासून, कशानं वाढतं, कशानं कमी होतं, कधी पडलात का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, लघवीला काही त्रास आहे का, पायाला मुंग्या येतात का. मग मॅडम तपासतात. मग काय झालंय ते साध्या भाषेत सांगतात, काय करणार तेही सांगतात, आणि पेशंट हो म्हणाला तरच हात लावतात. एक-दोन दिवस अंग थोडं दुखेल, घाबरू नका, असंही आधीच सांगून ठेवतात.

"तासभर?" बानूबाई म्हणाल्या. "माझ्याकडं तासात सात माणसं उठून जात्यात."

"काहीकाहींना तर पहिल्या दिवशी हातच लावत न्हाईत आत्या. दुसऱ्या डॉक्टरकडं पाठवतात."

"येत नसंल तिला."

जेवणं झाल्यावर मोनिका शिवराजला म्हणाली, "तुमी दिवसभर खुर्चीत वाकून बसता, उभं राहा बरं जरा." तो उभा राहिला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, खांद्यांच्या मधोमध बोटं टेकवली, खांदे मागं घ्यायला लावले, हनुवटी आत घ्यायला लावली. "असं. मॅडमनी दाखवलंय. रोज दहादा."

बानूबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. सहा वर्षं जी मुलगी कुणाच्या पाठीला बोट लावायला तयार नव्हती, तिचा हात आज आपसूक नवऱ्याच्या पाठीवर गेला होता. आणि बोटं बरोबर जागी टेकली होती. त्यांनी भांडी घासायला घेतली आणि शिवराज "राहू दे, मोनिका घासंल" म्हणाला तरी उठल्या नाहीत.

रोज संध्याकाळी मॅडमचं काहीतरी नवं निघायचं. मॅडमच्या दवाखान्यात भिंतीला मणक्यांचा सांगाडा आहे. मॅडम जेवणाची सुट्टी झाली की मोनिकाला मणक्यांची नावं शिकवतात. मॅडम म्हणतात, मोनिका, तुझं लक्ष चांगलं आहे. बानूबाई ऐकून घ्यायच्या. सकाळी पेशंटची पाठ चोळताना त्या मनातल्या मनात त्या बाईशी भांडायच्या.

कडूबाई भाजीवाली दर पंधरा दिवसांनी कंबर धरून यायची. आठ वर्षं चुकली नव्हती. ती दोन महिने आलीच नाही. एक दिवस बानूबाईंनी मोनिकाला विचारलं, "कडूबाई तुमच्याकडं येती का?"

मोनिका म्हणाली, "आत्या, कोण येतं, काय होतंय, हे बाहेर सांगायचं न्हाय. तसा नियमच हाय."

"म्या बाहेरची व्हय?"

मोनिकानं मान खाली घातली. बानूबाईंना जे कळायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी त्या भाजी मंडईत गेल्या. कडूबाई वांग्यांची पाटी उचलत होती. आधी पाटीजवळ बसली, पाटी छातीशी घेतली आणि गुडघ्यांवर जोर देऊन सरळ उभी राहिली. कण्हली नाही, कंबरेला हात लावला नाही.

"हे कुणी शिकवलं?" बानूबाईंनी विचारलं.

कडूबाई चपापली. मग तिनं पाटी खाली ठेवली. "खोटं कशाला बोलू आक्का. मॅडमकडं जाते. त्यांनी सांगितलं, पण मला उमगंना. मग तुमच्या मोनिकानं शेजारी बसून दाखवलं. लई गुणाची पोर हाय."

"माझ्या हातानं गुण येत नव्हता का?"

"यायचा की. तुमच्याकडून उठले की त्या दिवशी अंग हलकं व्हायचं. चार दिवसांनी पुन्हा तेच. मॅडम म्हणल्या, वजन उचलायची रीत बदलल्याबिगर हे थांबायचं न्हाय." कडूबाई ओशाळून हसली. "वांगी घ्या ना, कवळी हायती."

बानूबाई वांगी न घेताच घरी आल्या. आठ वर्षं त्या या बाईच्या कंबरेला तेल लावत होत्या. ती पाटी कशी उचलते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पण त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांना वाटत होता तो नुसता संताप.

पुढच्या सोमवारी त्या ज्वारी दळायला गिरणीत गेल्या. शंकरप्पाच्या गिरणीपुढं डब्यांची रांग होती आणि बाया ओट्यावर बसल्या होत्या. एकजण सांगत होती, "सासूबाईंची मान धरलीय. त्या कोर्टामागच्या मॅडमकडं नंबर लावलाय."

बानूबाई म्हणाल्या, "जपून जावा."

"का हो आक्का?"

"मानंला झटका देती ती. एका बाईचा हात लुळा पडला म्हणं."

"अगं बाई! कुणाचा?"

"नाव कशाला सांगू? माझी सून तिथंच कामाला हाय. मला बोलता येत न्हाय."

हे शेवटचं वाक्य त्या ठरवून बोलल्या नव्हत्या. पण काम त्यानंच केलं. दवाखान्यातल्या सुनेकडून कळलेली गोष्ट म्हटल्यावर कुणी शंका घेतली नाही. डबा डोक्यावर घेऊन घरी येताना बानूबाईंना कितीतरी दिवसांनी मोकळं वाटलं. दुपारी त्यांना गाढ झोप लागली.

आठ-दहा दिवसांत मोनिकाचं बोलणं कमी झालं. मग एका संध्याकाळी ती आली ती पर्स कोपऱ्यात टाकून भिंतीला टेकून बसली. डोळे सुजलेले होते.

"काय झालं?" शिवराजनं विचारलं.

"लोक फोन करून नंबर रद्द करायलेत. कुणाचा तरी हात लुळा पडला म्हणतात. मॅडमनी सगळ्या फायली काढल्या. दवाखाना सुरू झाल्यापासून जेवढे आले त्या एकेकाला फोन केला. हाताला मुंग्या येतात का, शक्ती कमी वाटते का, विचारलं. त्यांना वाटलं, खरंच कुणाला काही झालं असंल आणि आपल्याला कळलंच नसंल. तीन दिवस लागले. दोन दिवस त्या नीट जेवल्या न्हाईत."

"मग? कुणाला झालं होतं?"

"कुणालाच न्हाय."

बानूबाई भाजी निवडत होत्या. मोनिका त्यांच्याकडं वळली. "आत्या, लोक म्हणतात, तिथल्या पोरीच्या सासूनंच सांगितलं. तुमी बोललात का?"

"म्या कशाला बोलू?"

मोनिका त्यांच्याकडं बघत राहिली. तिनं पुन्हा विचारलं नाही. भांडली असती तर बानूबाईंना सोपं गेलं असतं. ती उठली, मुलाचा अभ्यास घेतला, जेवण वाढलं, आणि त्यानंतर चार दिवस सासूशी कामापुरतंच बोलली. घरात मॅडमचं नाव निघेनासं झालं. हेच तर हवं होतं, असं बानूबाई स्वतःला सांगत होत्या. तरी त्या रिकाम्या संध्याकाळी त्यांना सोसवत नव्हत्या.

पाचव्या दिवशी मोनिकाच म्हणाली, "मॅडमनी तुमाला बोलावलंय."

"मला? कशाला? भांडायला?"

"न्हाय. म्हणल्या, इतकी वर्षं लोकांच्या पाठी बघितलेल्या बाई आहेत, त्यांनी एकदा यावं, पेशंटसारखं बसावं, आणि काय चुकतंय ते सांगावं."

बानूबाईंना यात आव्हान दिसलं. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. वर्षभरापासून त्यांची स्वतःची पाठ दुखत होती. सकाळी अंथरुणावरून उठताना त्यांना कुशीवर वळून, हाताचा टेका घेऊनच उठता यायचं. पण दुसऱ्यांची पाठ बघणाऱ्या बाईचीच पाठ दुखते हे लोकांना कळलं तर दारात कोण येणार? "येते," त्या म्हणाल्या. "बघते तरी काय करती ती."

बुधवारी सकाळी त्या दवाखान्यात गेल्या. मोनिकानं त्यांना खुर्ची दिली आणि कागद घेऊन समोर बसली. बानूबाईंना वाचायला वेळ लागायचा, म्हणून ती एकेक प्रश्न वाचून उत्तर लिहीत गेली. नाव, वय, काम.

"काम काय लिहू, आत्या?"

"लिही की, पाठी बघते म्हणून."

मोनिकानं तसंच लिहिलं. "कुठलं ऑपरेशन?"

"न्हाय."

"कधी पडलात, मार लागला?"

"न्हाय," बानूबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "भिंत अंगावर पडलेली धरायची का?"

मोनिकाचं पेन थांबलं. "कुठली भिंत?"

"त्र्याण्णवच्या भूकंपातली. सास्तूरची."

"तुमच्या अंगावर पडली होती?"

"पाठीवर. दुपारपातुर आतच होते. मामंजींनी हातानं माती उकरून काढलं."

"मग दवाखान्यात?"

"दवाखान्यात जागा कुणाला होती, पोरी? दीर आणि धाकटी जाऊ, दोघंबी गेली घरातली. त्यात माझ्या पाठीचं कोण बघतंय? तिसऱ्या दिवशी उठून चूल पेटवली."

"यांना म्हाईत हाय?"

"शिवराज नंतरचा. आणि त्याला सांगून काय करायचं?"

मोनिकानं ते लिहिलं. सहा वर्षं एका घरात राहून आपण हे विचारलं नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. बानूबाईंनी नजर दुसरीकडं वळवली.

डॉ. शिवरंजनी ठेंगण्या, सावळ्या, साध्या सलवार-कमीजमधल्या बाई होत्या. त्यांनी नमस्कार केला, कागद शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "भूकंपानंतर पाठ कधी दाखवली का?"

"न्हाय."

"तुमची उंची कमी झाल्यासारखी वाटते का?"

बानूबाईंना हसू आलं. "उंची कशी कमी होईल?"

"साडी लांब पडते का अलीकडं?"

बानूबाई थबकल्या. दोन वर्षांपासून त्यांच्या निऱ्या जमिनीला लागत होत्या. आपल्याला नेसायला जमेना झालंय असं समजून त्या वरच्या बाजूला जास्त खोचत होत्या. "पडती," त्या हळूच म्हणाल्या.

मग तपासणी. मॅडमनी रक्तदाब घेतला. टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर. गुडघ्याखाली छोटी हातोडी मारून बघितली. पायाच्या बोटांना कापूस लावून विचारलं, दोन्हीकडं सारखं कळतंय का. पाठीवर झोपवून एकेक पाय सरळ वर उचलला. काही करायच्या आधी दर वेळी काय करणार ते सांगितलं. शेवटी बानूबाईंना पालथं झोपवून त्या म्हणाल्या, "आता पाठीला हात लावते. चालेल?"

बानूबाईंनी आयुष्यात कुणाला असं विचारलं नव्हतं. "लावा," त्या म्हणाल्या.

"कुठं दुखतं?"

"खाली. कंबरेत. उजवीकडं." हे खोटं होतं. त्यांनी घरूनच ठरवून आणलं होतं. बघू या, कळतं का हिला.

मॅडमची बोटं कंबरेवर आली, दोन्ही बाजूंना फिरली, थांबली नाहीत. मग एकेक मणका मोजत वर सरकली. दाब इतका हलका होता की बानूबाईंना तो बोटांपेक्षा उबेनंच जास्त कळत होता. पाठीच्या मधोमध, पोलक्याच्या कडेच्या जरा खाली, बोट थांबलं. पुन्हा त्याच जागी आलं.

"इथं का?"

बानूबाईंनी ओठ दाबून धरले. चाळीस वर्षांत त्यांनी दोनच हात असे बघितले होते, एक सासऱ्यांचा आणि एक स्वतःचा. हात कसा आहे हे हाताखाली पडलेल्याला लगेच कळतं. ही बाई थोतांड निघाली असती तर किती बरं झालं असतं! मोनिकाच्या डोळ्यांत या बाईबद्दल जे दिसायचं ते उगाच नव्हतं, हे पालथं पडल्या पडल्या त्यांना कळत होतं, आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड होत होता.

"इथंच," त्या म्हणाल्या.

मॅडमनी त्यांना आधार देऊन उठवलं. "आज मी काही करणार नाही. आधी एक एक्स-रे आणि हाडांची तपासणी करून घेऊ."

"कट्टकन वाजवणार न्हाय?"

"नाही."

"वाजल्याबिगर माणसाला बरं वाटत न्हाय."

"वाटत नाही हे खरंय," मॅडम म्हणाल्या. "पण वाजतं ते हाड नसतं. सांध्यात पाण्यासारखं वंगण असतं, त्यात बुडबुडा होतो, त्याचा आवाज. न वाजताही काम होतं. आणि वाजलं म्हणजे काम झालंच, असंही नाही."

इतकी वर्षं बानूबाई लोकांना सांगत आल्या होत्या, ऐकलंत का, बसलं हाड जागेवर. त्यांनी चपला घातल्या. बाहेर पडताना मोनिकाला म्हणाल्या, "घाबरली तुझी मॅडम हात लावायला." पण आवाजात जोर नव्हता.

दोन दिवसांनी रिपोर्ट आले. मॅडमनी एक्स-रे उजेडावर लावला. बानूबाई समोर, मोनिका त्यांच्या खुर्चीमागं उभी. मधला एक मणका पुढच्या बाजूनं चेपलेला दिसत होता. त्याच्या खालचे दोनही थोडे बसलेले होते.

"हा मोठा दबलेला फार जुना आहे," मॅडम म्हणाल्या. "भूकंपातला असू शकेल, खात्रीनं नाही सांगता येणार. हे खालचे दोन मात्र अलीकडचे वाटतात. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं विरळ होतात, तुमची बरीच झालीत. अशा पाठीला झटका दिला तर मणका मोडेल. म्हणून मी झटका देणार नाही. हाडांच्या डॉक्टरांना पत्र देते, औषधं ते देतील. मी हलक्या हातानं आखडलेले स्नायू मोकळे करीन आणि व्यायाम शिकवीन. जुना मणका सरळ होणार नाही, तेवढं आधीच सांगते. दुखणं मात्र कमी होईल."

बानूबाईंनी त्या काळ्या कागदावर, चेपलेल्या मणक्यापाशी बोट ठेवलं. "हे बाहेरून हाताला कळतं का?" त्यांनी विचारलं. "हाड विरळ झालंय ते?"

"नाही. मलाही कळत नाही. म्हणून तर एवढं विचारत बसते."

बानूबाईंना रुद्रम्मा आठवली. त्यांच्याच गल्लीच्या टोकाला राहणारी, सत्तरी ओलांडलेली विधवा. दोन वर्षांपूर्वी उसण काढायला आली होती. बानूबाईंनी तिला पालथं झोपवून पाठीवर पाय दिला होता. तेव्हाही कट्टकन वाजलं होतं आणि रुद्रम्मा ओरडली होती. त्यानंतर ती आली नाही. वाकून चालते, घराबाहेर पडत नाही, असं कानावर आलं होतं. वय झालं म्हणून असंल, असं म्हणून बानूबाईंनी तो विषय मनातून काढून टाकला होता. तिच्या दारावरून जाताना त्या तेव्हापासून पलीकडच्या कडेनं जायच्या.

"ते म्या बोलले," त्या एकदम म्हणाल्या. "हात लुळा पडल्याचं. गिरणीत. म्याच बोलले."

मागं मोनिकानं श्वास घेतलेला त्यांना ऐकू आला.

"माहीत आहे," मॅडम म्हणाल्या.

"मग मला तपासलं कशाला?"

"तुम्ही पेशंट म्हणून आलात." मग मॅडमची भाषा बदलली, थेट उमरग्याची झाली. "राग न्हाय असं समजू नका. लई राग आलाय. माझी आई रोज फोन करून विचारायलीय, पोरी, कुणाचा हात मोडलास? मी काय सांगू तिला? तुमी केलंय, तुमीच निस्तरा."

बानूबाईंना माफी मागायची सवय नव्हती. त्यांनी मान हलवली आणि पत्र घेऊन बाहेर आल्या.

शनिवारी दळण नव्हतं तरी त्या गिरणीत गेल्या. बाया ओट्यावर होत्याच. गिरणीच्या आवाजात नेहमीसारखं बोललेलं कुणाला ऐकू जाईना, म्हणून त्यांना ओरडून बोलावं लागलं. "म्या मागं सांगितलं ना, मॅडमनी बाईचा हात लुळा केला म्हणून? ते खोटं होतं. असं कुणाला काय झालं न्हाय."

शंकरप्पानं गिरणी बंद केली. सगळं एकदम शांत झालं.

"मग बोललात कशाला आक्का?" एकीनं विचारलं. तिनं सासूचा नंबर रद्द केला होता.

"जळत होते," बानूबाई म्हणाल्या.

एकदोघी हसल्या. नंबर रद्द केलेली हसली नाही. "माझी सासू महिनाभर मान धरून बसलीय," एवढंच म्हणून तिनं आपला डबा उचलला. खोटं आठ दिवसांत पसरलं होतं, खऱ्याला तेवढी घाई नव्हती. सुनेनंच सासूला असं बोलायला लावलं, असंही काहीजणी म्हणाल्या. दवाखान्यातली माणसं परत यायला तीन महिने लागले आणि काही कधीच आली नाहीत.

त्याच संध्याकाळी बानूबाई मोनिकाला घेऊन रुद्रम्माच्या घरी गेल्या. रुद्रम्मा बाजेवर बसून शेंगा फोडत होती. पाठीला चांगलाच बाक आला होता. बानूबाईंना बघून तिला नवल वाटलं.

"माझा पाय लागल्यापासून दुखतंय का, रुद्रम्मा?" बानूबाईंनी दारातच विचारलं.

"त्याच्या आदीबी दुखतच होतं की." रुद्रम्मानं आणखी एक शेंग फोडली. "पण त्या दिवसापासून जास्ती. तुमाला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाय."

बानूबाई खाली जमिनीवर बसल्या. मग मोनिकानं बाजेच्या कडेला बसून विचारायला सुरुवात केली. कधी पडला होता का, गोळ्या कुठल्या चालू आहेत, पायाला मुंग्या येतात का, साडी लांब पडते का. रुद्रम्मा शेंगा बाजूला ठेवून एकेक उत्तर देत होती. बोलता बोलता ती मोनिकाकडं वळून बसली.

रुद्रम्मा आता मॅडमकडं जाते, हाडांच्या गोळ्या घेते, काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत चालते. भेटली की ती बानूबाईंना सांगते, "मॅडमचा हात लई हलका हो, जसा काय लागतच न्हाय." बानूबाई हूं म्हणतात. त्या स्वतःही दर मंगळवारी तिथं जातात, सकाळी उठताना आता टेका घ्यावा लागत नाही, आणि तरीही मॅडमची स्तुती कुणी केली की त्यांचं तोंड आंबट होतं. ते जळणं काही गेलेलं नाही.

पाठीवर पाय देणं त्यांनी बंद केलंय. सकाळी माणसं अजून येतात, पूर्वीपेक्षा कमी. मोनिका कामावर जायच्या आधी तासभर वही घेऊन बाहेरच्या खोलीत बसते आणि आलेल्याला विचारते. वयस्कर बाई असली, पडल्यानंतर दुखत असलं, पायातली शक्ती कमी झालेली असली की ती पान फाडून सासूपुढं ठेवते आणि सांगते, हिला हात लावू नका आत्या, हिला पाठवू. हळूहळू लोक आत आल्यावर आधी मोनिकालाच शोधायला लागलेत. परवा मोंढ्यातला एक हमाल, दहा वर्षांचा जुना माणूस, बानूबाईंसमोर येऊन बसला आणि म्हणाला, "आक्का, वहिनी कुठंयत? आधी त्यांना सांगतो."

बानूबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली. "आत हाय," त्या तुटकपणे म्हणाल्या. "मोनिका, ये गं बाहीर. तुझं माणूस आलंय."

मोनिका ओले हात पुसत बाहेर आली, वही उघडून बसली आणि विचारायला लागली. बरेच प्रश्न होते. बानूबाई तिचं विचारून होईपर्यंत थांबल्या.